संत्र्याच्या बागेतले लोरा नोड: सेल लवकर बसतात, पॅकेट गळतात, तेव्हा काय तपासायचं

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्यातली असते. नागपूर जिल्ह्यातल्या काटोल, नरखेड किंवा कळमेश्वरकडच्या बागेत मातीचा ओलावा मोजणारे तीस-चाळीस नोड लागतात, म्हणजे लोरा या कमी विजेच्या, लांब पल्ल्याच्या रेडिओवरून वाचन पाठवणारे सेलवरचे डबे. पहिले पंधरा दिवस डॅशबोर्डवर सगळं हिरवं दिसतं. महिनाभरात दोन-तीन नोड गप्प होतात आणि अडीच-तीन महिन्यांत निम्मे. सेल बदलले की चालू होतात, आणि पुन्हा तेच चक्र. मग ‘नागपूरच्या बर्डी बाजारातून आणलेले सेल नकली निघाले’ असं म्हणून विषय मिटतो.

पण ज्या काळात हे वाचन खरं लागतं, त्याच काळात ते हातात नसतं. आंबिया बहारासाठी (हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्यासाठी) डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडून बाग ताणावर सोडलेली असते. तेव्हा नोड दोन दिवस गप्प राहिला तर ताण किती बसला हे कास्तकाराला अंदाजानंच ठरवावं लागतं. म्हणून हा बिघाड मुळापासून काढायला हवा.

सेलचा दोष क्वचितच असतो. एक तर रेडिओ गरजेपेक्षा कितीतरी जास्त वेळ बोलत असतो, किंवा नोड झोपेतही वीज पीत असतो. रेडिओ जास्त बोलण्याचं कारण तर बऱ्याचदा नोडमध्ये नसतंच, ते गेटवेत असतं, म्हणजे सगळ्या नोडचं ऐकून ते इंटरनेटवरच्या सर्व्हरकडे पाठवणाऱ्या डब्यात. चाळीस डबे उघडून फर्मवेअर (नोडमधला प्रोग्रॅम) बदलत बसण्याआधी गेटवे तपासा, असं सांगायचं ते यासाठीच.

पुढचे आकडे एका ठरावीक जोडणीचे आहेत: एसएक्स १२६२ किंवा एसएक्स १२७६ रेडिओ, एक ईआर १४५०५ जातीचा ३.६ व्होल्टचा लिथियम सेल (२४०० एमएएच), दोन खोलींवर ओलावा, भारताचा आयएन ८६५ पट्टा. प्रसारणाच्या वेळी रेडिओ सुमारे ४० मिलिअँपिअर घेतो असं धरलं आहे. तुमचा आकडा वेगळा असेल तर त्या प्रमाणात गुणून घ्या.

आधी लॉग, मग पेचकस

प्रत्येक अपलिंकसोबत (नोडकडून वर जाणाऱ्या पॅकेटसोबत) फ्रेम काउंटर, म्हणजे त्याचा चढता क्रमांक, येतो. सर्व्हरच्या लॉगमधून एका आजारी नोडचे शेवटच्या दोन दिवसांचे काउंटर, स्प्रेडिंग फॅक्टर (एसएफ, ७ ते १२: आकडा मोठा तितकं बोलणं हळू, पण लांब पोचणारं) आणि एसएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती) कागदावर उतरवून घ्या. निम्मं निदान त्यातच होतं.

काउंटर ४११, ४१२, ४१५, ४१६ असा मधले आकडे गाळत पुढे जात असेल, तर नोड ठणठणीत आहे. तो बोलतोय, गेटवेला ऐकू येत नाही. दोष अँटेनाचा, उंचीचा किंवा टकरीचा.

काउंटर मध्येच शून्यावर येत असेल आणि त्याआधी जॉइनची (नेटवर्कमध्ये दाखल व्हायची) विनंती दिसत असेल, तर नोड रीस्टार्ट होतोय. प्रसारणाच्या झटक्यात व्होल्टेज कोसळतं आणि कंट्रोलर रीसेट होतो. इथे सेल, जोडणी किंवा पॅसिव्हेशन (सेलच्या आत चढणारा थर, त्याबद्दल पुढे) बघायचं.

तोच काउंटर दोन-तीन-आठ वेळा येत असेल, तर नोड पोचपावती मागतोय आणि ती त्याच्यापर्यंत पोचत नाही. सर्वात जास्त सेल याच प्रकारात मरतात. काही सर्व्हर अशी दुबार पॅकेट गाळून एकच दाखवतात, त्यामुळे गेटवेचा कच्चा लॉग बघावा लागतो.

एसएनआरचाही उपयोग करा. एसएफ ७ साठी किमान −७.५ डीबी लागतं, पुढच्या प्रत्येक पायरीला अडीच डीबीची सूट मिळते आणि एसएफ १२ ला −२० पर्यंत चालतं. नोडचं एसएनआर +५ येतंय आणि तरी तो एसएफ १२ वर बोलतोय, तर अंतराचा प्रश्नच नाही. कुणीतरी त्याला उगाच हळू बोलायला लावलंय.

चांगल्या सिग्नलचा नोड एसएफ १२ वर का जातो

एडीआर (वेग आपोआप जुळवण्याची सोय) चालू असेल तर सर्व्हर नोडचं एसएनआर बघून त्याला वेगवान डेटा रेट देतो. पण याला दुसरी बाजू आहे. ६४ अपलिंक होऊनही सर्व्हरकडून एकही डाउनलिंक (उलट येणारा निरोप) आला नाही, तर नोड ‘मी ऐकू येतोय का?’ असा बिट पाठवायला लागतो. आणखी ३२ अपलिंक तसेच कोरडे गेले की आधी पॉवर पूर्ण करतो, आणि मग दर ३२ अपलिंकला डेटा रेटची एक पायरी खाली उतरतो, म्हणजे एसएफ एकानं वाढवतो.

दर १५ मिनिटांनी पाठवणाऱ्या नोडचे दिवसाला ९६ अपलिंक होतात. म्हणजे पहिला टप्पा बरोबर २४ तासांनी. नंतर दर ८ तासांना एक पायरी. एसएफ ७ वरून एसएफ १२ पर्यंत पाच पायऱ्या, म्हणजे ४० तास. तिसऱ्या दिवशी सगळी बाग एसएफ १२ वर. बसवणारा माणूस पहिल्या दिवशीचा चांगला लॉग बघून घरी गेलेला असतो.

डाउनलिंक न पोचण्याची तीन कारणं वारंवार सापडतात.

पहिलं म्हणजे वेळ. अपलिंक संपल्यावर नोड ठरलेल्या क्षणी कान उघडतो, मूळ मांडणीत १ सेकंदानं. ही पहिली खिडकी. गावातलं ४जी रेंगाळलं तर सर्व्हरचं उत्तर गेटवेकडे उशिरा पोचतं आणि गेटवे ते फेकून देतो. गेटवेतल्या पॅकेट फॉरवर्डर प्रोग्रॅमच्या लॉगमध्ये ‘टू लेट’ असा शेरा दिसतो. सर्व्हरवर पहिल्या खिडकीचा विलंब ५ सेकंद करा. द थिंग्ज नेटवर्क या सार्वजनिक सर्व्हरवर तो तसाच असतो. ही वेळ नोडला जॉइनच्या उत्तरात कळते, त्यामुळे बदल केल्यावर नोड पुन्हा जॉइन करवावे लागतात. एबीपी पद्धतीचे (जॉइन न करता चालणारे) नोड असतील तर फर्मवेअरमध्येच बदलावं लागतं.

दुसरं, दुसऱ्या खिडकीची वारंवारता (पहिलीत काही आलं नाही तर नोड पुन्हा कान उघडतो ती). आयएन ८६५ मध्ये ती ८६६.५५ मेगाहर्ट्झ, एसएफ १०. जॉइनचे मूळ चॅनेल ८६५.०६२५, ८६५.४०२५ आणि ८६५.९८५. युरोपचं उदाहरण-फर्मवेअर जसंच्या तसं चढवलं की यातलं काहीच जुळत नाही. ८६५ ते ८६८ हा पट्टा आपल्याकडे परवान्याशिवाय वापरता येतो: ट्रान्समीटरची कमाल पॉवर १ वॅट, अँटेनासह ४ वॅट. युरोपच्या ८६८.१ वर बोलणारा नोड या पट्ट्याबाहेर जातो.

तिसरं कारण उन्हाळ्यात उघडं पडतं. स्वस्त नोडमध्ये झोपेचं घड्याळ चिपच्या आतल्या आरसी ऑसिलेटरवर (तापमानाबरोबर सरकणाऱ्या साध्या घड्याळावर) चालतं. त्यात एक टक्का चूक म्हणजे ५ सेकंदांत ५० मिलिसेकंद. एसएफ ७ ची आठ चिन्हांची सुरुवात जेमतेम ८ मिलिसेकंदांची असते, म्हणजे नोड कान उघडतो तेव्हा निरोप येऊन गेलेला असतो किंवा यायचा असतो. एसएफ १० ला हीच सुरुवात ६५ मिलिसेकंदांची, तिथे कसंबसं जमतं. म्हणून ‘मोठ्या एसएफवर जॉइन होतो, लहान एसएफवर होत नाही’ असं दिसलं की घड्याळावर बोट ठेवा. ३२.७६८ किलोहर्ट्झचा क्रिस्टल बसवलेलं मॉड्यूल घ्या. नवतपात डब्याचा आतला भाग ६५ अंशांना गेला तरी क्रिस्टल ५ सेकंदांत अर्धा मिलिसेकंदही चुकत नाही. क्रिस्टल बसवणं शक्य नसेल तर एलएमआयसी लायब्ररीत (नोडच्या प्रोग्रॅममध्ये वापरायच्या तयार कोडमध्ये) घड्याळाच्या चुकीची सूट एक टक्का ठेवता येते. खिडकी रुंद होते, थोडी वीज जास्त जाते, पण डाउनलिंक सापडतो.

खात्री करायची सोपी रीत: सर्व्हरवरून एका नोडला १ बाइटचा डाउनलिंक लावून ठेवा आणि तो पुढच्या अपलिंकनंतर नोडच्या सिरीयल लॉगमध्ये उतरतो का बघा. लागोपाठ पाच वेळा करा. पाचपैकी पाच आले पाहिजेत. तीन आले तर ‘चालतंय’ म्हणून सोडू नका.

पोचपावतीचा हट्ट

‘डेटा हरवायला नको’ म्हणून प्रत्येक अपलिंक कन्फर्म्ड (पोचपावती मागणारा) ठेवतात. हेतू चांगला, परिणाम उलटा. गेटवे एका वेळी बोलू शकतो किंवा ऐकू शकतो. तो एका नोडला पोचपावती देत असतो तेव्हा सगळ्या चॅनेलवर बहिरा असतो. एसएफ १२ वर एक कोरी पोचपावती जवळपास १ सेकंद घेते. चाळीस नोड, दिवसाला ९६ अपलिंक, म्हणजे ३८४० पोचपावत्या: दिवसातला तासाहून जास्त वेळ गेटवे कुणाचंच ऐकत नाही. त्या वेळात आलेलं पॅकेट हरवतं, तो नोड पुन्हा पाठवतो, पुन्हा पोचपावती मागतो.

वर डाउनलिंकच बिघडलेला असेल तर हिशेब आणखी वाईट. बऱ्याच फर्मवेअरमध्ये आठ प्रयत्नांची मुभा असते. मजकूर जेसन स्वरूपात (नावं आणि आकडे अक्षरांत लिहून) ४३ बाइट, त्यावर लोरावॅनचं (लोरा नेटवर्कच्या नियमावलीचं) १३ बाइटांचं ओझं, म्हणजे ५६ बाइट. एसएफ १२ वर एका प्रसारणाला २.६३ सेकंद लागतात. आठदा, दिवसात ९६ वेळा: ३३ मिनिटांहून जास्त प्रसारण, रोजचे सुमारे २२ एमएएच. सेलमधून प्रत्यक्ष ७० टक्के मिळाले तर १६८० एमएएच, म्हणजे ७५ दिवस. सुरुवातीला सांगितलेले अडीच महिने ते हेच. सेल नकली नव्हते.

टकरींचंही बघा. तीन चॅनेलवर चाळीस नोड असे बोलायला लागले तर कुठलंही एक प्रसारण दुसऱ्यावर आदळण्याची शक्यता ४५ टक्क्यांच्या वर जाते.

ओलाव्याच्या वाचनाला पोचपावती लागत नाही. एक वाचन गेलं तर अर्ध्या तासानं दुसरं येतंच, आणि माती अर्ध्या तासात वाळत नाही. कन्फर्म्ड फक्त दोन ठिकाणी ठेवा: व्हॉल्व्ह उघडल्या-बंद केल्याची वर्दी, आणि दिवसातून एकदा जोडणी जिवंत आहे का याची तपासणी. द थिंग्ज नेटवर्कच्या न्याय्य वापराच्या नियमात एका नोडला दिवसाला ३० सेकंद प्रसारण आणि १० डाउनलिंक एवढंच बसतं. प्रत्येक वेळी पोचपावती मागणारा नोड तिथे सकाळीच कोटा संपवतो.

बाइट मोजून पाठवा

जेसनमध्ये चाळीसेक बाइटांत जे सांगतो, ते सहा बाइटांत मावतं. पहिला बाइट वरच्या थराचा ओलावा, अर्ध्या टक्क्याच्या पायरीनं, ० ते २००. दुसरा खालच्या थराचा, तसाच. तिसरा-चौथा मातीचं तापमान, दहानं गुणून, चिन्हासह. पाचवा सेलचं व्होल्टेज: २ व्होल्ट वजा करून दर १० मिलिव्होल्टला एक, म्हणजे ४.५५ पर्यंत बसतं. सहावा बिटांचा: सेन्सर उत्तर देतो का, रीसेट झाला का, झाला तर कशामुळे. नोडचा नंबर पाठवायची गरज नाही, तो पत्त्यातच असतो. वेळही नको, सर्व्हर लावतो. पुढे मजकुराची रचना बदलायची झाली तर पॅकेटमधला एफपोर्टचा आकडा बदला, जुना-नवा नोड आपोआप वेगळा ओळखता येतो.

रीसेटच्या कारणाचा तो बिट बरेच जण गाळतात. गाळू नका. तो असला की वावरात न जाता कळतं की व्होल्टेज कोसळलं होतं की वॉचडॉगनं (अडकलेला नोड रीस्टार्ट करणाऱ्या टायमरनं) उठवलं.

प्रसारणाचा वेळ असा पडतो. ५६ बाइट: एसएफ ७ वर १०८ मिलिसेकंद, एसएफ १० वर ६५७, एसएफ १२ वर २६३०. तेच १९ बाइट (६ अधिक १३): एसएफ ७ वर ५१, एसएफ ९ वर १८५, एसएफ १० वर ३३०, एसएफ १२ वर १३१९. पॅकेट तिसऱ्या हिश्शावर आणून वेळ फक्त निम्मा झाला, कारण सुरुवातीची चिन्हं आणि ओझं तेवढंच राहतं. एसएफ मात्र १२ वरून ९ वर आला की वेळ सातपट घटतो. दोन्ही करा, पण जास्त फायदा कुठे आहे ते लक्षात ठेवून.

दर १५ मिनिटांनी मोजा, पाठवा मात्र अर्ध्या तासानं. किंवा ओलावा २ टक्क्यांनी हलला तर लगेच आणि नाहीतर दर ६ तासांनी एकदा. ठिबक चालू असताना आकडे आपोआप दाट येतात, एरवी नोड झोपतो. प्रत्येक पाठवणीला ० ते ६० सेकंदांचा यादृच्छिक उशीर जोडा. गेटवेची वीज जाऊन आली की काही फर्मवेअरचे नोड एकदमच जॉइनसाठी धावतात, तिथे तर हा उशीर दहा-पंधरा मिनिटांपर्यंत पसरवा. आणि गेटवेला १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस द्याच.

एसएफ ९, १९ बाइट, दिवसाला ४८ पाठवणी: ९ सेकंदांपेक्षा कमी प्रसारण, रोजचे ०.१ एमएएच. २२ एमएएचच्या जागी.

झोपेतली गळती मोजणं

इथपर्यंत आलं की रेडिओ स्वस्त होतो आणि उरलेला खर्च झोपेचा दिसायला लागतो. ५ मायक्रोअँपिअर झोप म्हणजे रोजचे ०.१२ एमएएच, म्हणजे प्रसारणाएवढीच. १०० मायक्रोअँपिअर म्हणजे २.४. आणि ५ मिलिअँपिअर म्हणजे १२०, सेल वीस दिवसांतच संपतो. ‘बरोबर तीन आठवड्यांत गेला’ असं कुणी सांगितलं की एएमएस १११७ रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारी चिप) आठवा, तो नुसता बसून एवढं खातो.

मल्टिमीटर थेट मायक्रोअँपिअरच्या रेंजवर लावला की प्रसारणाच्या झटक्यात मीटरमध्येच व्होल्टेज पडतं आणि नोड रीसेट होतो. त्यापेक्षा असं करा:

१. सेलच्या धन टोकाला १०० ओहमचा रेझिस्टर ओळीत जोडा. त्याच्या दोन्ही टोकांवर समांतर एक साधा स्विच.
२. स्विच ऑन, म्हणजे वीज स्विचमधून जाते आणि रेझिस्टर बाजूला पडतो. नोड चालू करा, जॉइन होऊ द्या, एक अपलिंक जाऊ द्या.
३. दोन्ही खिडक्या संपून नोड झोपला की, साधारण दहा सेकंदांनी, स्विच ऑफ करा.
४. मीटर २०० मिलिव्होल्टच्या रेंजवर रेझिस्टरवर लावा. १ मिलिव्होल्ट म्हणजे १० मायक्रोअँपिअर.
५. पुढच्या प्रसारणाआधी स्विच पुन्हा ऑन करा. विसरलात तर ४० मिलिअँपिअरला ४ व्होल्ट पडतात आणि नोड रीसेट होतो.

अर्धा मिलिव्होल्ट किंवा कमी दिसलं तर उत्तम. दोन मिलिव्होल्टच्या आसपास असेल तर सेलचं व्होल्टेज मोजायला लावलेले दोन १०० के रेझिस्टर बघा, तेच सतत १८ मायक्रोअँपिअर पितात. त्यांचं जमिनीकडचं टोक कंट्रोलरच्या पिनला जोडून मोजताना तेवढं खाली ओढा, किंवा १ मेगाओहम वापरून एडीसीच्या (व्होल्टेज मोजणाऱ्या) पिनवर १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर द्या. ६० मिलिव्होल्ट दिसलं तर एसएक्स १२६२ झोपलेलाच नाही, स्टँडबायमध्ये उभा आहे. १६० दिसलं तर तीच गोष्ट एसएक्स १२७६ ची. मीटर रेंजबाहेर गेला तर रेग्युलेटर, पॉवरचा एलईडी किंवा सेन्सर सतत चालू आहे. रेग्युलेटरच्या जागी एमसीपी १७०० किंवा एचटी ७३३३ बसवा, एलईडी उपटून टाका.

बाजारातला कपॅसिटिव्ह ओलावा सेन्सर सुमारे ५ मिलिअँपिअर घेतो. त्याला पी-चॅनेल मॉसफेटमधून (इलेक्ट्रॉनिक स्विचमधून) वीज द्या, वाचनापुरती ३०० मिलिसेकंद. इथे एक फसवी गोष्ट घडते: वीज तोडली तरी आय२सीच्या (सेन्सरच्या डेटा-तारांच्या) पुल-अप रेझिस्टरमधून किंवा उंच ठेवलेल्या पिनमधून सेन्सर अर्धवट जिवंत राहतो आणि गळती चालूच राहते. पुल-अप मॉसफेटच्या पलीकडच्या, तुटणाऱ्या बाजूला घ्या आणि झोपण्याआधी पिना अ‍ॅनालॉग करून टाका. १२ व्होल्टचा आरएस ४८५ सेन्सर असेल तर तो बूस्ट कन्व्हर्टरमधून सेलकडून शंभराहून जास्त मिलिअँपिअर ओढतो. ईआर १४५०५ च्या बसची ती गोष्ट नाही. तिथे सोलर आणि एलएफपी (पुन्हा चार्ज होणारा लिथियम) सेल घ्या.

अजून एक ठिकाण नजरेतून सुटतं. पहिल्या खिडकीची वाट बघताना ५ सेकंद कंट्रोलर जागाच राहिला आणि ५ मिलिअँपिअर खात बसला, तर २५ मिलिअँपिअर-सेकंद गेले. एसएफ ७ वरचं अख्खं प्रसारण २ मध्ये होतं. बोलण्यापेक्षा वाट बघणंच बारापट महाग. प्रसारण आणि खिडकी यांच्यामध्येही कंट्रोलर स्टॉप मोडमध्ये गेला पाहिजे.

सेल, ऊन आणि पॅसिव्हेशन

ईआर जातीच्या सेलमध्ये लिथियमवर लिथियम क्लोराइडचा पातळ थर चढतो. त्यामुळेच तो वर्षानुवर्षं टिकतो. पण उन्हाळाभर पत्र्याच्या गोदामात पडलेल्या सेलवर हा थर जाड होतो. पहिल्या मोठ्या झटक्याला व्होल्टेज २.५ च्या खाली जातं, कंट्रोलर रीसेट होतो, उठून जॉइन करतो, जॉइनसाठी पुन्हा प्रसारण, पुन्हा कोसळणं. लॉगमध्ये एकामागोमाग जॉइनच्या विनंत्यांची माळ दिसते ती हीच. अशा वेळी डेव्हनॉन्स (प्रत्येक जॉइनला वाढणारा आकडा) फ्लॅशमध्ये जपलेला नसेल, तर सर्व्हर जुना आकडा बघून जॉइन नाकारतो आणि नोड सेल रिकामा होईपर्यंत दार ठोठावत राहतो. जॉइन फसला की पुढच्या प्रयत्नाचं अंतर वाढवत न्या: १ मिनिट, ५, ३०, मग ६ तास.

नवा सेल बसवण्याआधी १२० ओहमचा रेझिस्टर लावून दहा मिनिटं ठेवा. साधारण ३० मिलिअँपिअर वाहतात, ५ एमएएच खर्च होतात. लोडखाली ३.२ व्होल्टच्या वर स्थिर झाला की सेल तयार. न झाला तर तो बाजूला काढा.

या सेलचं व्होल्टेज जवळपास शेवटपर्यंत ३.६ च राहतं, म्हणून ‘बॅटरी ९५ टक्के’ हा डॅशबोर्डचा आकडा निरर्थक असतो. व्होल्टेज प्रसारणाच्या शेवटच्या क्षणी मोजा, झोपेतून उठल्या उठल्या नको. लोडखालचा आकडा आठवड्यागणिक उतरायला लागला की सेल बदलायची वेळ आली.

झटका पेलायला कपॅसिटर लावतात, तिथेही हिशेब करा. एसएफ १२ वर १९ बाइटांना ४० मिलिअँपिअर × १.३ सेकंद = ५२ मिलिकूलम. ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर यात क्षणात रिकामा होतो, त्याचा काहीही उपयोग नाही. ०.५ फॅरडला ०.१ व्होल्ट उतरतं, ते चालतं. पण नाण्यासारखा ५.५ व्होल्टचा सुपरकपॅसिटर घेऊ नका. त्याचा आतला रोधच तीसेक ओहम असतो आणि ४० मिलिअँपिअरला १.२ व्होल्ट तिथेच जातात. २.७ व्होल्टचे कमी रोधाचे १ फॅरडचे दोन दंडगोल ओळीत लावा, किंवा ईआर सेलसोबत मिळणारा हायब्रिड कपॅसिटर. दंडगोल सुपरकपॅसिटरची मर्यादा बहुधा ६५ अंशांची असते, आणि मे महिन्यात उन्हातला काळा डबा ती ओलांडतो. डबा पांढरा घ्या, वर दोन बोटं अंतर सोडून पत्र्याची टोपी लावा, केबलची ग्लँड खालच्या बाजूला.

अँटेना आणि उंची

सर्वात आधी कनेक्टर डोळ्यांनी बघा. एसएमएच्या नराला मध्ये पिन असते, मादीला भोक. आरपी-एसएमएमध्ये आटे तसेच, पण पिन आणि भोक उलट. आरपी-एसएमएचा नर एसएमएच्या मादीवर फिरवला की आटे घट्ट बसतात, आणि आत भोकासमोर भोक येतं, तांब्याला तांबं लागतच नाही. नोड दहा मीटरवर चालतो, शंभरवर मरतो. वर पॉवर अँप्लिफायर खराब व्हायची भीती. पेटीतल्या सगळ्या अँटेना एकेक करून टॉर्चखाली बघा. मग त्यांचा पट्टा: ४३३ मेगाहर्ट्झची अँटेना दिसायला तीच असते. ८६५ ला पाव तरंगलांबी ८.७ सेंटिमीटर, साध्या तारेची अँटेना करताना थोडी कमी, ८.२ च्या आसपास कापून घ्या. डबा धातूचा असेल तर अँटेना बाहेरच हवी.

संत्र्याची झाडं चार-पाच मीटर उंच, पानं दाट आणि पावसाळ्यात ओली. १ किलोमीटरच्या जोडणीला मध्यावर फ्रेनेल क्षेत्राची (दोन अँटेनांमधल्या सरळ रेषेभोवती मोकळ्या लागणाऱ्या जागेची) त्रिज्या ९.३ मीटर येते, त्यातलं ६० टक्के म्हणजे साडेपाच मीटर मोकळं हवं. मोटारीच्या खोलीवर तीन मीटरवर लावलेला गेटवे झाडांच्या पोटातच बोलतो. पाण्याच्या टाकीवर किंवा जीआय पाइपवर त्याची अँटेना १० ते १२ मीटरवर न्या. सहा-सात डीबी सुधारले की नोड दोन-तीन पायऱ्या वर चढतात, म्हणजे एका पाइपच्या खर्चात सगळ्या बागेचा प्रसारणवेळ पाव-आठव्या हिश्शावर. दुसरा गेटवे घेण्याआधी हे करा. उंच नेल्यावर मात्र अर्थिंग आणि लायटनिंग अरेस्टर हवाच, जूनमधल्या विजांचा काही भरवसा नाही.

केबल कमी आणि जाड ठेवा. आरजी १७४ मीटरला १ डीबीच्या आसपास खाते, तीन मीटरमध्ये एक पायरी गेली. शक्य तिथे नोडचा डबाच धुऱ्यावरच्या पाइपवर अडीच-तीन मीटर उंच लावा आणि सेन्सरची तार लांब घ्या. बोर्डो मिश्रणाची फवारणी होते त्या बागेत कनेक्टरवर स्वतः चिकटणारी रबर टेप गुंडाळा, पाणी शिरलं की आतलं पितळ हिरवं पडतं आणि सिग्नल महिन्यागणिक खाली येतो.

ओलावा एकदम शून्याकडे गेला तर रेडिओ तपासत बसू नका. काळी माती वाळली की भेगा पडतात आणि सेन्सरच्या पात्याभोवती हवा राहते. तीच माती चाळून, पाणी घालून, चिखल करून पात्याभोवती दाबून भरा.

दुरुस्तीनंतर पहिले आठ दिवस रोज तेच तीन आकडे बघा: काउंटर, एसएफ, एसएनआर. सर्व्हरला एडीआर ठरवायला वीसेक अपलिंक लागतात, त्यामुळे पहिल्या दिवशी एसएफ हलला नाही तर घाई करू नका. चौथ्या दिवशी बहुतेक नोड एसएफ ७ ते ९ मध्ये आले पाहिजेत, काउंटर न गाळता पुढे सरकले पाहिजेत, दुबार काउंटर दिसायला नको. एखादाच नोड एसएफ ११-१२ वर अडकला तर त्याच्यापाशी जा, बाकीच्यांना हात लावू नका. सगळेच तिसऱ्या दिवशी पुन्हा १२ वर गेले तर गेटवेच्या लॉगमध्ये ‘टू लेट’ शोधा.